टॉम अँड जेरीसारखी जुनी कार्टून्स आजही सगळं घर एकत्र बसून का बघतं?

तुमच्या प्रश्नात तुम्ही लिहिलंय की तुमचा सहा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा रोज संध्याकाळी टॉम अँड जेरी लावून बसतात, दोघंही पोट धरून हसतात, आणि तुम्हाला मात्र त्यात मारामारीपलीकडे काही दिसत नाही. इतक्या जुन्या पाठलागात एवढं काय आहे, आणि मुलाला हे बघू द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. विनोदी प्रसंग कापताना दोन-तीन फ्रेम, म्हणजे सिनेमातली एकेक स्थिर चित्रं, इकडच्या तिकडे झाल्या तरी हशा पडायचा थांबतो, हे मी रोज बघते. त्यामुळे ही कार्टून्स मी आवडीने बघतेच, शिवाय थांबवून, मागेपुढे करून, आवाज बंद करूनही बघते. माझं ठाम मत आहे की आजोबा आणि नातू यांना एकाच क्षणी हसवणं हे ज्यांना जमलं अशी फार थोडी करमणूक जगात झाली आहे, आणि ही कार्टून्स त्यांत अगदी वरच्या रांगेत बसतात. ते कसं जमलं, ते सांगायचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट म्हणजे ही कार्टून्स लहान मुलांसाठी म्हणून बनलेलीच नव्हती. १९४०च्या दशकात अमेरिकेत टीव्ही घराघरात पोचला नव्हता. लोक थिएटरात जायचे आणि मुख्य सिनेमाच्या आधी बातमीपट, लघुपट आणि एक सात-आठ मिनिटांचं कार्टून दाखवलं जायचं. समोर अंधारात कामगार, कारकून, प्रेमात पडलेली जोडपी, म्हाताऱ्या बायका आणि पोरंटोरं असे सगळे बसलेले असायचे. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी एमजीएम स्टुडिओत १९४० साली मांजर-उंदराची पहिली फिल्म केली ती या गर्दीसाठी. त्या पहिल्या फिल्ममध्ये मांजराचं नाव टॉम नव्हतं, जॅस्पर होतं. तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, जोडी पुढे चालू ठेवायचं ठरलं, तेव्हा स्टुडिओतच नावांसाठी स्पर्धा ठेवली गेली आणि जॉन कार नावाच्या अॅनिमेटरने सुचवलेल्या 'टॉम आणि जेरी'ला ५० डॉलरचं बक्षीस मिळालं. १९५८ पर्यंत हॅना-बार्बेरांच्या अशा ११४ फिल्म्स पडद्यावर आल्या आणि त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. (ही सातही ऑस्कर निर्माते फ्रेड क्विम्बी यांनी स्वीकारली. रात्रंदिवस खपलेल्या दोघांना तेव्हा मंचावर जागा नव्हती, याचं मला आजही वाईट वाटतं.)

मिश्र गर्दीसाठी बनवायचं म्हणजे एकाच दृश्यात दोन-तीन थर ठेवावे लागतात. 'द कॅट कॉन्चेर्टो' घ्या. टॉम सूटबूट घालून पियानोवर लिझ्ट या संगीतकाराची 'हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २' ही रचना वाजवायला बसतो आणि पियानोच्या आत झोपलेला जेरी त्या ठोक्यांनी जागा होतो. तुमचा मुलगा हसेल ते पट्ट्यांच्या जागी उंदराचा सापळा येऊन टॉमचं बोट अडकतं तेव्हा. आजोबांना त्याआधीच हसू येईल, कारण मैफलीला बसलेल्या कलाकाराचा सगळा तोरा टॉमने उचललेला आहे. ते डोळे मिटून मान वर करणं, सावकाश हात उचलणं, श्रोत्यांकडे न बघताही ते आपल्याकडे बघताहेत हे जाणून असणं! असे बुवा आपण सगळ्यांनी बघितलेले असतात. आणि संगीत कळणाऱ्या माणसाला तिसरीच मजा मिळते. खाली कितीही दंगा चाललेला असो, रचना वाजत राहते, आणि टॉमचे पंजे ज्या पट्ट्यांवर पडतात ते पुष्कळ ठिकाणी खऱ्या वादनाशी जुळतं. शेवटी दमून कोसळलेल्या टॉमऐवजी प्रकाशझोत जेरीवर जातो आणि तो झुकून टाळ्या घेतो. सगळ्या फिल्ममध्ये कुणी कुणाशी एक शब्द बोलत नाही.

न बोलण्याचा मुद्दा आपल्याकडच्या घरांसाठी फार मोठा आहे. भारतात कार्टून नेटवर्क १९९५ साली आलं. सुरुवातीला एकाच वाहिनीवर दिवसा कार्टून आणि नंतर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. हिंदी डबिंग नंतर आलं. आमच्या घरात आजीला इंग्रजीचा गंध नव्हता आणि हिंदीही बेताचीच, पण टॉम अँड जेरी लागलं की ती हातातली निवडायची ताटली घेऊन बाहेरच्या खोलीत यायची. टॉम आपटला की "जिरली मेल्याची!" असं ती आमच्या आधी म्हणायची. बाकीचं काहीही बघताना आम्हाला तिला मधेमधे सांगावं लागे की आता हा काय म्हणाला. इथे सांगायला काही नव्हतंच. तीन पिढ्या एका सोफ्यावर असताना कुणीच कुणाचा दुभाष्या नसणं हे किती दुर्मीळ आहे, ते घरातल्या थोरांबरोबर टीव्ही बघणाऱ्यांना नक्की ठाऊक असेल.

पुढे याच हॅना-बार्बेरांना टीव्हीसाठी काम करावं लागलं तेव्हा काय बदललं ते बघण्यासारखं आहे. जुन्या फिल्म्स पुन्हा थिएटरांत लावल्या तरी जवळपास नव्या फिल्मइतकेच पैसे येतात असं दिसल्यावर एमजीएमने १९५७ साली कार्टून विभाग बंद केला. दोघांनी स्वतःची कंपनी काढली. टीव्हीकडे पैसा फारच कमी होता, म्हणून चित्रं कमी काढायची युक्ती शोधावी लागली. त्यांच्या योगी बेअर या बोलक्या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे ना, तो त्यासाठीच. गळ्याशी रेघ मिळाली की धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवता येतं. अंग हलायचं थांबलं तशी पात्रं बोलायला लागली आणि विनोद वाक्यांत गेला. त्यातही गोडवा आहे, मला योगी आवडतो. पण ते कार्टून कळायला भाषा लागते, आणि टॉम अँड जेरीला फक्त डोळे आणि कान लागतात.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. सिनेमाच्या एका सेकंदात २४ फ्रेम असतात. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये त्या दहा हजारांच्या वर जातात. दोघांत बार्बेरा कथा, खोड्या आणि रेखाटनं बघायचे, तर हॅनांचं काम मुख्यतः वेळेचं होतं, म्हणजे कुठली हालचाल किती फ्रेमची, कुठे थांबायचं, कुठे सुटायचं. हा हिशेब ते तालात मांडायचे. दर १२ फ्रेमला एक ठोका धरला तर सेकंदाला दोन ठोके झाले. मग टॉमची पावलं, दार आपटणं, कढईचा फटका हे सगळं त्या ठोक्यांवर बसवायचं. त्या हिशेबावर स्कॉट ब्रॅडली संगीत लिहायचे आणि एमजीएमचा भला मोठा वाद्यवृंद ते वाजवायचा. १९४४ च्या 'पुटिंग ऑन द डॉग'मध्ये जेरी कुत्र्याचं खोटं मुंडकं घालून पळतो, तिथे ब्रॅडलींनी शोनबर्ग या आधुनिक संगीतकाराच्या पद्धतीने बाराही स्वर सारखेच महत्त्वाचे धरून वापरले. त्या काळी गंभीर संगीताच्या मैफलीतही जे लोकांना पचत नव्हतं ते एका उंदरासाठी वापरलं, आणि थिएटरातल्या माणसाला ते खटकलंही नाही, कारण पडद्यावर चाललेल्या विचित्रपणाला तेच स्वर हवे होते.

म्हणून आजोबा आणि नातू बरोबर एकाच क्षणी हसतात. गाण्याच्या बैठकीत तबलजी समेवर आला की न शिकलेल्या माणसाचीही मान हलते, तसं हे आहे. फटका कधी बसणार ते अंगाला आधी कळलेलं असतं. हॅनांची खरी कमाल मात्र फटक्याच्या आधीच्या थांबण्यात आहे. टॉमला कळतं की आपण आता मेलो. तो क्षणभर आपल्याकडे बघतो, कधी कसंनुसं हसतो. तेवढ्या आठ-दहा फ्रेम कापून टाका, तोच फटका तितकाच जोरात बसेल आणि कुणीही हसणार नाही. त्यानंतरची टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी स्वतः विल्यम हॅनांच्या गळ्यातली आहे, आणि तीसुद्धा मधेच कापलेली असते. पूर्ण वाजू दिली असती तर आपल्याला कळवळा आला असता.

इथे तुमच्या खऱ्या काळजीपाशी आपण येतो, मारामारीपाशी.

नीट बघा, टॉमच्या तोंडावर तवा बसला की तोंड तव्याच्या आकाराचं होतं. तो नळीत शिरला की बाहेर येताना नळीसारखा लांब होतो. जोराचा मार बसला की त्याचे दात चिनीमातीसारखे फुटून खाली पडतात. पुढच्याच शॉटमध्ये तो धडधाकट आणि नवीन बेत करायला तयार. म्हणजे चित्रकार पहिल्या मिनिटापासून सांगत असतो की हे शरीर हाडामांसाचं नाही, शाईचं आहे, याचे नियम वेगळे आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे कळतं असा माझा अनुभव आहे. माझा भाचा त्या वयाचा असताना टॉमवर पियानो पडला की लोळायचा, आणि त्याच दिवशी रस्त्यावरचं मांजर लंगडताना दिसलं की रडवेला व्हायचा. त्याच्या डोक्यात दोन्ही जगं अगदी स्वच्छ वेगळी होती. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र मी एकट्याला हे दाखवणार नाही. त्या वयात बघितलं की करून बघायचं असतं.

आणि मार कुणाला बसतो हेही बघा. बहुतेक वेळा टॉम मोठा आहे, दांडगा आहे आणि सुरुवात त्याने केलेली आहे. 'माऊस ट्रबल'मध्ये तो उंदीर कसा पकडावा याचं पुस्तकच मागवतो आणि धडा पहिला, धडा दुसरा असं शिस्तीत राबवत जातो. प्रत्येक धडा त्याच्यावरच उलटतो. बंदुकीची नळी वाकून त्याच्याच टाळूवरचे केस उडवते आणि उरलेली फिल्म तो नारिंगी टोप घालून फिरतो. कोपऱ्यात सापडलेला उंदीर कधीच लढत नाही, असं पुस्तक म्हणतं. टॉम उंदराला कोपऱ्यात गाठतो, आत धुमश्चक्री होते आणि तो फाटक्या अवस्थेत आपल्याकडे बघून खोल आवाजात म्हणतो की यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे शेरास सव्वाशेर भेटण्याच्या गोष्टी ज्या आनंदाने सांगतात, तोच आनंद इथे आहे. लहान मूल तर दिवसभर मोठ्यांच्या जगात सगळ्यांत लहान म्हणून वावरत असतं. त्याला जेरीची बाजू घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही.

हे सगळं किती नाजूक आहे याचा पुरावा हवा असेल तर १९६१-६२ मधल्या तेरा फिल्म्स बघा. तेव्हा एमजीएमने हे काम जीन डाइच यांना दिलं आणि त्या फिल्म्स प्रागमध्ये, फार थोड्या पैशांत बनल्या. तिथल्या चित्रकारांनी मूळ फिल्म्स मोजक्याच बघितलेल्या होत्या. मांजर तेच, उंदीर तोच, फटकेही तितकेच, पण हालचालींचा ताल गेला, आवाज रिकाम्या खोलीत घुमल्यासारखे झाले. त्यांतल्या काही फिल्म्समध्ये टॉमचा एक जाडजूड मालक आहे. तो लालबुंद होऊन टॉमला बडवतो, ते बघताना माझ्या पोटात गोळा येतो. मोठा माणूस पाळीव जनावराला मारतो आहे, बस्स. तुमच्या मुलाने हे बघितलं आणि तो अस्वस्थ झाला तर त्याचं बरोबर आहे. मला वाटतं हिंसा मोजायची ती फटक्यांच्या संख्येने नाही. कोण कुणाला मारतंय आणि ते कुठल्या तालात दाखवलंय यावरून ती ठरते.

मारामारी अजिबात नकोच असेल तर रोड रनर लावा. वॉर्नर ब्रदर्समध्ये चक जोन्स आणि लेखक मायकेल मॉल्टीझ यांनी ही जोडी १९४९ साली आणली. ओसाड वाळवंट, एक भुकेला कायोटी (कोल्ह्यासारखा अमेरिकन प्राणी) आणि एक पळणारा पक्षी. पक्षी त्या कायोटीला हातही लावत नाही. तो फक्त पळतो आणि "मीप मीप" करतो. कायोटीची सगळी फजिती त्याच्या स्वतःच्या बेतांतून आणि अॅक्मी कंपनीकडून मागवलेल्या यंत्रांतून होते. कड्याच्या पुढे हवेत धावत जाणं, मग थांबणं, मग खाली बघणं. आणि खाली बघितल्यावरच पडणं. पडताना तो लहान लहान होत ठिपका होतो, क्षणभर काहीच होत नाही, मग खालून धुळीचा एक बारकासा लोट. ट्रेग ब्राउन यांनी या फिल्म्सचे आवाज केले आणि कुठे आवाज द्यायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी कामावरून दमून आलेल्या मोठ्या माणसाला कायोटी जास्त जवळचा वाटतो, असं मी पुष्कळ घरांत बघितलंय. बेत चोख होता, सामान वेळेवर आलं होतं, आणि तरीही!

सगळंच डोळे झाकून लावा असं मात्र मी म्हणणार नाही. जुन्या टॉम अँड जेरीत मॅमी नावाची कृष्णवर्णीय मोलकरीण आहे. बहुतेक वेळा तिचे पायच दिसतात, बोलणं एका ठरावीक हेटाळणीच्या साच्यातलं. स्फोटानंतर पात्राचं तोंड काळं होऊन ओठ मोठे होण्याचे विनोदही आहेत. तेव्हाच्या अमेरिकेतही कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी अशा चित्रणाला विरोध केला होता, त्यामुळे काळच तसा होता असं म्हणून सोडून देता येत नाही. १९५२ नंतर मॅमी दिसत नाही, टीव्हीवर काही दृश्यं कापली किंवा बदलली गेली, काही डीव्हीडी संचांवर आधी तशी सूचना येते. मूल विचारण्याइतकं मोठं असेल तर हे माणसांच्या रंगाची टिंगल करणारं आहे आणि ते वाईट आहे, असं सरळ सांगावं. आपल्याकडेही रंगावरून बोलणं कमी नाही, त्यामुळे मुलाला उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. 'ब्लू कॅट ब्लूज' ही १९५६ ची फिल्म मात्र तुमच्या मुलाच्या वयाला नकोच. प्रेमभंग झालेले दोघं रेल्वेच्या रुळांवर जाऊन बसतात आणि गाडीची शिटी ऐकू येते, तिथे ती संपते.

याउलट १९४१ ची 'द नाइट बिफोर ख्रिसमस' जरूर दाखवा. पाठलागात जेरी घराबाहेर बर्फात पळतो, टॉम त्याचा आत यायचा रस्ता बंद करतो आणि ऐटीत परत येऊन शेकोटीपाशी बसतो. पण त्याला चैन पडत नाही. तो उठतो, बाहेर जातो, गोठलेल्या जेरीला उचलून आणतो आणि शेकोटीपाशी ऊब देतो. शुद्धीवर आल्यावर जेरी पहिलं काम करतो ते टॉमला दूध पिण्यापासून अडवण्याचं, कारण त्याच दुधाच्या वाटीत सापळा लपवलेला आहे. साखरेची काठी वाटीत बुडवून तो सापळा बाहेर काढून दाखवतो. इथेही टॉम आणि जेरी एकमेकांशी काही बोलत नाहीत. माझ्या भाच्याने ही फिल्म संपल्यावर लगेच पुन्हा लावायला सांगितली होती, आणि हशा एकदाही फारसा मोठा झाला नव्हता.

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं असं की एक दिवस हातातलं काम ठेवून आजोबांच्या शेजारी बसा. सुरुवात 'द कॅट कॉन्चेर्टो'पासून करा, मग 'माऊस ट्रबल', मग रोड रनरची कुठलीही एक. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, टीव्हीवर लावा आणि आवाज नीट मोठा ठेवा, कारण ब्रॅडलींचा वाद्यवृंद ऐकू आला नाही तर अर्धा विनोद गेलाच. यूट्यूबवर वेग वाढवलेले, कडेने कापलेले, वर भलतंच संगीत चिकटवलेले तुकडे पुष्कळ फिरतात, ते टाळा. पूर्ण सात-आठ मिनिटांची मूळ फिल्म शोधा. सुरुवातीच्या नामावलीत हॅना आणि बार्बेरा ही नावं दिसली की, वर जपून बघायला सांगितलेलं सोडून, बिनधास्त पुढे जा, आणि १९४३ ते १९५३ मधलं काही सापडलं तर आधी तेच लावा.